दादर-माटुंग्याच्या वस्तीचा स्वभाव आला कुठून, आणि पुनर्विकासात त्यातलं काय वाचतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दादरच्या हिंदू कॉलनीत १९३०च्या दशकातली, तळमजला अधिक दोन अशी पागडीची (एकरकमी रक्कम देऊन घेतलेल्या, नाममात्र भाड्याच्या घरांची) इमारत. पुनर्विकासाच्या सभेत एक आजोबा म्हणाले, ‘याने वस्तीचा स्वभाव जाईल.’ मागून कोणीतरी विचारलं, ‘स्वभाव म्हणजे काय, लिफ्ट नसणं?’ सगळे हसले आणि चर्चेची गाडी पार्किंगच्या विषयावर गेली. आजोबांच्या बोलण्यात तथ्य आहे की नुसती हळहळ, आणि तथ्य असेल तर काय मागायचं, हे तुम्हाला हवं आहे.

मी आर्किटेक्ट. तीसेक वर्षं दादर, माटुंगा आणि विलेपार्ल्यात जुन्या इमारती मोजणं, दुरुस्त करणं आणि पाडून नव्या उभ्या करणं हेच काम केलंय. म्हणजे ज्यांच्यामुळे स्वभाव जातो म्हणतात, त्या लोकांतलाच एक. तेव्हा माझं म्हणणं त्या हिशेबाने घ्या.

आजोबांच्या बोलण्यात तथ्य आहे. फक्त स्वभाव ते जिथे शोधताहेत तिथे तो नाही. जिन्याच्या लाकडी कठड्यात नाही, गोल गॅलरीत नाही आणि ‘आपली सुशिक्षित माणसं’ यात तर अजिबात नाही. तो दोन इमारतींमधल्या रिकाम्या जागेत आहे, तळमजल्यावर आहे आणि एका गोठवलेल्या भाड्यात आहे. तिन्ही गोष्टी कागदावर लिहून, ठरवून झालेल्या. त्यामुळे त्या जातात तेव्हाही कागदावरच जातात, आणि म्हणूनच सभेत त्यांच्याबद्दल बोलता येतं.

रिकाम्या जागेपासून सुरू करतो. तुमच्या इमारतीच्या बाजूला जी गल्लीवजा मोकळी जागा आहे, जिथे आता सायकली आणि कोणाची तरी मोडकी कपाटं पडली असतील, ती प्लेगने दिलेली आहे. १८९६ साली मांडवीच्या गोदामांजवळ प्लेग उगवला आणि अर्धं शहर गावाकडे पळालं. १८९८ साली सरकारने कायदा करून बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. रोग दाटीने आणि कोंदट हवेने पसरतो, ही तेव्हाची समजूत. म्हणून ट्रस्टने दोन कामं हाती घेतली. एक, जुन्या शहरातून रुंद रस्ते आरपार काढायचे, म्हणजे समुद्रावरचा वारा आत येईल. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्यातलेच. दोन, शहराच्या उत्तर टोकाला भातखाचरं, नारळीच्या वाड्या आणि खाजणं होती, तिथे कोऱ्या जमिनीवर नवी वस्ती आखायची. दादर, माटुंगा, वडाळा, शीव यांची ही आखणी १८९९-१९००ची. मुंबईत आधी नकाशा आणि मग घरं, असं एवढ्या प्रमाणावर पहिल्यांदा इथे झालं.

गंमत अशी की प्लेग हवेने नाही तर उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो, हे पुढच्या दहाएक वर्षांत सिद्ध झालं. त्यातलं बरंचसं काम तर जवळच परळच्या प्रयोगशाळेत झालं. पण तोवर नकाशे पक्के झाले होते. चुकीच्या वैद्यकशास्त्रावर आखलेली मोकळी जागा आपण शंभर वर्षं बरोबर कारणांसाठी वापरली. क्रिकेट खेळलो, पापड वाळवले, लग्नाचे मांडव घातले.

ही जागा राहिली ती कोणाच्या चांगुलपणामुळे नाही. ट्रस्टने प्लॉट विकले नाहीत, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले, आणि रस्त्यापासून किती आत यायचं, शेजारच्या हद्दीपासून किती सोडायचं, किती उंच जायचं, हे पट्ट्याच्या अटींत घातलं. मोडलं तर पट्टा धोक्यात. जुने मंजूर नकाशे मी हाताळले आहेत: ट्रेसिंगच्या कापडावर शाईने काढलेले, आठ फुटांना एक इंच या प्रमाणात, बांधकाम गुलाबी रंगाने भरलेलं. त्या गुलाबी ठोकळ्याभोवतीची पांढरी पट्टी बघत राहावीशी वाटते. आज जो तो गुलाबी भागाचे चौरस फूट मोजतो. वस्ती त्या पांढऱ्या पट्टीत होती.

प्लॉट पडले म्हणून लोक लगेच आले नाहीत. बरीच वर्षं रस्ते होते, दिवे होते आणि मधे गवत. रस होता तो थोड्यांना. मंचरजी जोशी नावाच्या पारशी इंजिनिअरने ट्रस्टकडून मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ प्लॉट राखून घेतले आणि आजची पारशी कॉलनी उभी राहिली. फाइव्ह गार्डन्सना पुढे त्यांचंच नाव मिळालं. बाकीचा भाग भरला तो मुख्यतः पहिल्या महायुद्धानंतर, १९२० आणि ३०च्या दशकांत. १९२३ मध्ये व्हीजेटीआय हे इंजिनिअरिंगचं कॉलेज भायखळ्याहून माटुंग्याला आलं. १९३७ साली रुईया आणि खालसा, १९४१ साली पोदार ही कॉलेजं निघाली, १९४३ मध्ये यूडीसीटी (रासायनिक तंत्रज्ञानाचं कॉलेज, आजचं आयसीटी) इथल्या इमारतीत आलं. एक किलोमीटरच्या आत एवढी कॉलेजं असली की वस्तीला पायी चालणारी तरुण पोरं कायमची मिळतात. पुस्तकांची दुकानं, खाणावळी, वह्या शिवून देणारे, सगळे त्यामागून येतात.

ट्रस्टच्या डोक्यात बहुधा विलायती उपनगर होतं: बंगला, बाग, फाटक. इथे आले कारकून, शिक्षक, वकील, रेल्वेतले आणि बँकेतले लोक. बंगला कोणाला परवडणार? म्हणून बंगल्याच्या प्लॉटवर तीन मजल्यांची, मजल्यावर दोन-दोन बिऱ्हाडांची भाड्याची इमारत आली. मुंबईच्या मराठीत तिला शब्दही नवा मिळाला: ‘ब्लॉक’. माझी आजी शेवटपर्यंत ‘फ्लॅट’ म्हणाली नाही. ‘चाळीतून ब्लॉकमध्ये गेले’ यात एक अख्खी सामाजिक बढती होती. आणि ब्लॉक म्हणजे काय, तर ज्याचा संडास घरात आहे तो.

यावर थोडं थांबतो, कारण सभेत हे कोणी बोलणार नाही. चाळीत संडास मजल्याच्या टोकाला, सामाईक. तो घरात आणायचा ही त्या काळच्या सवर्ण घरांना साधी गोष्ट नव्हती. स्वयंपाकघर आणि देवघर एका बाजूला, आणि संडास साफ करणारा माणूस त्याच घरातून ये-जा करणार? याचं उत्तर नकाशात सापडतं. संडास-मोरी मागच्या भिंतीला, मुख्य खोल्यांपासून तोडून, आणि शहरातल्या कितीतरी जुन्या इमारतींच्या मागे लोखंडी गोल जिना, सफाई कामगाराने मागच्या बोळातून वर चढावं आणि तसंच उतरावं म्हणून. असे जिने मी मोजले आहेत. पायरी जेमतेम पाऊल मावेल एवढी, आणि हातात भरलेली बादली धरून त्यावरून उतरायचं. ड्रेनेजच्या नळांनी ते काम संपवलं, जिने गंजून गेले. बहुतेक ठिकाणी ते भंगारात विकले गेले, आणि त्यांच्याबरोबर आठवणही. वस्तीच्या स्वभावाबद्दल बोलायचं असेल तर हाही तिचा स्वभाव होता.

आणि याच हिंदू कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘राजगृह’ बांधलं, ग्रंथसंग्रहासाठी मुद्दाम जागा ठेवून. जातीच्या आणि समाजाच्या नावांनी कॉलन्या वसत होत्या, त्याच काळातली ही गोष्ट. १९३५ साली रमाबाईंचं निधन इथेच झालं. १९५६च्या डिसेंबरात दिल्लीहून बाबासाहेबांचं पार्थिव आणलं ते इथेच, आणि इथून लाखो लोकांची यात्रा दादर चौपाटीला गेली. कॉलनीच्या आठवणींच्या ज्या स्मरणिका निघतात त्यांत गणेशोत्सव आठ पानं असतो आणि राजगृह चार ओळी. तुम्ही इतिहास लिहायला घेतलात तर हे प्रमाण सुधारा, एवढंच सांगतो.

आणखी एक तुलना करून पाहा. हिंदू कॉलनीतून नायगावच्या बीडीडी चाळींपर्यंत चालत पंधरा मिनिटं. त्याही १९२०च्या दशकातल्या, सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या. मुंबईत चार ठिकाणी मिळून अशा २०७ इमारती, त्यांतल्या ४२ नायगावला. एकेका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. तेच शहर, तीच वर्षं, तेच सिमेंट. एकीकडे वारा खेळावा म्हणून मार्जिन, म्हणजे इमारतीभोवतीची मोकळी जागा, सोडलेली, दुसरीकडे गिरणी कामगाराला एक दार आणि एक खिडकी. कॉलनीतल्या शांततेची किंमत कोणीतरी शेजारी मोजत होतं. आपल्या वस्तीला ‘मुळातच शांत, सुसंस्कृत’ म्हणणारे भेटले की मला नायगावची ती खोली आठवते.

आता भाडं. तुम्ही पागडीत आहात, म्हणजे हा भाग तुमच्या अंगावरचाच आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीशी बांधली. हेतू युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूंना वाचवण्याचा. पण ती गाठ सुटलीच नाही. मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही, भाडेकरूला सोडून जाण्यात. परिणाम दोन. इमारती गळायला लागल्या, इतक्या की १९६९ साली सरकारला दुरुस्ती मंडळ आणि त्यासाठी उपकर आणावा लागला. आणि दुसरा, ज्याचं श्रेय आपण संस्कारांना देतो: माणसं जागची हलली नाहीत. एकाच जिन्यावर तीन पिढ्या. वरच्या मजल्यावर डॉक्टर, खाली पोस्टातला कारकून, दोघांचं भाडं जवळजवळ सारखं. बाजारभावाने यातला कारकून १९६०लाच डोंबिवलीला गेला असता. खूप जण गेलेही, पण जे चिकटून राहिले ते या गोठलेल्या भाड्यामुळे. ‘आमच्याकडे सगळे एकमेकांना तीन पिढ्या ओळखतात’ या वाक्याचा खरा लेखक एक जुनाट कायदा आहे. मालकांचं यात नुकसान झालं हे खरंच, आणि ती बाजूही मी कमी पाहिलेली नाही. पण स्वभावाचं मूळ शोधायचं तर ते इथेही आहे.

पश्चिमेच्या शिवाजी पार्कबद्दल फार लिहीत नाही, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. १९२५ साली माहीम पार्क म्हणून मैदान झालं, १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांच्या पुढाकाराने नाव बदललं. त्याभोवतीच्या इमारती एकाच दशकातल्या असल्यामुळे एकसारख्या दिसतात. तिथे मोकळी जागा एकत्र मधे ठेवली, इथे प्लॉटगणिक वाटली. मोकळी जागा मधे असली की ती राखायला सगळं शहर येतं. वाटलेली असली की ती हळूहळू, एकेक प्लॉट करत जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

पार्ल्याचं मात्र सांगायला हवं, कारण तिथे ट्रस्ट नव्हता आणि तरी स्वभाव आहे. पार्ल्याला आधी गाडी मिळाली. पश्चिमेच्या मार्गावर १९२८ साली विजेची लोकल बोरिवलीपर्यंत धावू लागली आणि ‘लांब’ या शब्दाचा अर्थच बदलला. आखणी अशी नव्हती: वाड्या, शेतं, विहिरी आणि स्टेशनाकडे जाणाऱ्या वाटा, त्यांचेच पुढे रस्ते झाले, म्हणून आजही ते वाकडे आहेत. पण लोकांनी आल्याआल्या संस्था काढल्या. १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय, १९२३ साली लोकमान्य सेवा संघ. लोकमान्य १९२०ला गेले, त्यांची आठवण ताजी होती. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्यात छावणी पडली. दादर-माटुंग्याला शिस्त नकाशाने दिली, पार्ल्याला सभासद-नोंदणीच्या वह्यांनी. हा फरक पुनर्विकासात फार कामाचा ठरतो. पार्ल्यात बंगले गेले, दोन मजली इमारती गेल्या, तरी लोकमान्य सेवा संघाचं सभागृह आणि शाळा जागेवर आहेत, त्यामुळे वस्ती स्वतःला ओळखते. शिवाय विमानतळ शेजारी असल्यामुळे तिथे उंचीवर मर्यादा आहे. पार्लेकर त्या मर्यादेवर वैतागतात, आणि पार्ल्याची आभाळरेषा अजून माणसाच्या आवाक्यात आहे ती तिच्यामुळेच. दादरला असं कोणी वरून दाबत नाही.

मग पुनर्विकासात नेमकं काय जातं? माझ्याच एका कामाचं सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी माटुंग्याच्या एका आतल्या रस्त्यावर दोन जुन्या इमारती पाडून मी एक उंच इमारत केली. भाडेकरू खूश, सगळ्यांना मोठी घरं, लिफ्ट, चोवीस तास पाणी. तेव्हा मीही खूश होतो. तळमजल्यावर आणि वरच्या दोन मजल्यांवर पार्किंग. जुन्या इमारतीत तळमजल्याला एका दर्शनी खोलीत डॉक्टरांचा दवाखाना होता, दुसऱ्या खोलीत एक बाई शिकवण्या घ्यायच्या. रस्त्यापासून तीन पायऱ्या वर खिडकी. भाजीवाली टोपली खाली न ठेवता खिडकीच्या गजांतून पावशेर मिरच्या आत द्यायची, आणि आतली बाई सोफ्यावरून न उठता रस्त्यावर कोण आलं-गेलं ते सांगू शकायची. नवी इमारत झाल्यावर त्या जागी करड्या रंगाची सत्तर फूट लांब जाळीदार भिंत आली. दवाखाना गेला, शिकवणी सातव्या मजल्यावर गेली. तिथे रखवालदाराच्या वहीत नाव लिहून मुलं जाणार, म्हणजे जात नाहीत. भाजीवाली वर्षभरात दुसऱ्या रस्त्याला गेली. संध्याकाळी सातनंतर तो पट्टा सामसूम. आणि फाटकाजवळ एक मोठं वर्षावृक्षाचं झाड होतं. आम्ही ते कापलं नाही, परवानगीच्या कागदावर ‘झाड राखले’ असं अभिमानाने लिहिलं. पण टाक्यांसाठी खोदकाम हद्दीपर्यंत नेलं होतं, एका बाजूची मुळं गेली. तिसऱ्या पावसाळ्यात ते रात्रीतून आडवं झालं. सुदैवाने खाली कोणी नव्हतं.

यात कोणताही नियम मोडला नव्हता. ते आधी समजून घ्या.

नियम कसे चालतात ते थोडक्यात. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्ती मंडळाचा तो उपकर लागणाऱ्या इमारतींसाठी विकास नियमावलीत ३३(७) हा नियम आहे: ३ एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या तिप्पट बांधकाम), किंवा पुनर्वसनाचं क्षेत्र अधिक प्रोत्साहनाचं (विकासकाला विकायला मिळणारं) क्षेत्र, यातलं जे जास्त ते. संमती ५१ टक्क्यांची, किमान घर ३०० चौरस फुटांचं. एवढं बांधकाम ट्रस्टच्या त्या जुन्या गुलाबी ठोकळ्यात मावत नाही, म्हणून ते वर जातं आणि बाजूला पसरतं. उंची वाढली की नियमाप्रमाणे बाजूची मोकळी जागाही वाढायला हवी. ती प्लॉटमध्ये नसतेच. मग ‘ओपन स्पेस डेफिशियन्सी’ म्हणून कमी पडलेल्या जागेपोटी महापालिकेकडे सवलत मागायची, अधिमूल्य (प्रीमियम) भरायचं असलं तर भरायचं. फायलीत तो एक तक्ता असतो: किती हवी, किती ठेवली, किती कमी. प्लेगने दिलेली पांढरी पट्टी त्या तक्त्याच्या तिसऱ्या रकान्यात संपते. जी उरते तिच्यावर अग्निशमनाची अवजड गाडी फिरली पाहिजे, म्हणून ती पूर्ण काँक्रीटची होते. सुरक्षेसाठी ते हवंच. पण माती संपते, आणि पावसाचं पाणी रस्त्यावर येतं.

आता काय मागायचं. सगळं वाचवा असं मी म्हणणार नाही. तुमच्या इमारतीचे लोखंड गंजून फुगले असतील, स्लॅबचे पोपडे पडत असतील, तर तिच्यात म्हाताऱ्या माणसांना ठेवून स्वभाव जपणं हे क्रौर्य आहे. दर्शनी भिंत तेवढी ठेवून मागे मनोरा, हा प्रकारही मला पटत नाही. ते मुखवट्याचं काम. माझा अनुभव असा की तीन-चार मागण्या मुद्दाम लावून धरल्या तर बऱ्याचदा पदरात पडतात, कारण त्यांनी विकासकाचे विकायचे चौरस फूट फारसे कमी होत नाहीत.

पहिली, तळमजला. रस्त्याकडची बाजू पार्किंगला देऊ नका. गाड्या मागे किंवा वर, आणि पुढे दार-खिडकी असलेल्या खोल्या: दवाखाना, वाचनालय, सोसायटीची खोली, ज्याला जिना नको त्या भाडेकरूचं घर, काहीही. नियमांत बसवणं जरा किचकट आहे, पण जमतं. आर्किटेक्ट ‘जमत नाही’ म्हणाला तर बहुतेक वेळा तो ‘माझं ड्रॉइंग तयार आहे’ असं म्हणत असतो.

दुसरी, शेजारचा प्लॉट एकत्र करायचा प्रस्ताव आला तर घाई नको. प्लॉट जोडले की मधलं मार्जिन नाहीसं होतं आणि भिंतीची लांबी दुप्पट होते. कॉलनीची चाल, म्हणजे इमारत-फट-इमारत-फट, त्या एका सहीने मोडते. काही लहान प्लॉटना जोडण्यावाचून इलाज नसतो. तुमचा तसा आहे का, ते आधी तपासा.

झाडांसाठी ‘राखणार’ हे शब्द पुरत नाहीत. खोदकाम बुंध्यापासून किती अंतरावर थांबणार, ते करारनाम्याला जोडलेल्या नकाशात आखून घ्या. आणि फाटकाच्या बाजूची भिंत कमरेएवढी ठेवा. वर जाळी लावा हवी तर.

हे मागायच्या आधी कागद हातात हवेत. शहर हद्दीत तुमच्या जागेला भूमापनाचा सी.एस. नंबर असतो, सी.टी.एस. नंबर उपनगरांत असतो, दोन्हींची गल्लत करून लोक महिना घालवतात. त्या नंबरावर प्रॉपर्टी कार्ड काढा. त्यावर पट्टेदार कोण ते कळेल. ट्रस्ट १९३३ साली महापालिकेत विलीन झाला, तेव्हापासून ट्रस्टच्या प्लॉटची जमीनमालक महापालिका. म्हणून मूळ पट्ट्याची प्रत तिच्या मालमत्ता खात्यातून मागवा, आणि जुना मंजूर नकाशा एफ उत्तर विभागातून. माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागला तर करा. नकाशा नाही मिळाला तर मालकाच्या घरी विचारा. माझ्या अनुभवात निम्मे जुने नकाशे कपाटात, बांगड्यांच्या डब्याशेजारी गुंडाळी करून सापडले आहेत. पट्ट्यातल्या अटी वाचा. त्या आजही जशाच्या तशा लागू होतात असं नाही, नवी नियमावली आणि महापालिकेची परवानगी त्यांना वळसा घालते. पण विकासकासमोर आणि पालिकेसमोर ‘ही जागा मुळात का सोडली होती’ हे कागदावरून दाखवता आलं की चर्चेचा सूर बदलतो. नुसत्या ‘आमच्या लहानपणी’ने बदलत नाही.

आणि पुढच्या सभेच्या आधी एका रविवारी त्या आजोबांना घेऊन खाली उतरा. पन्नास फुटी टेप न्या. एक टोक त्यांच्या हातात द्या, दुसरं तुम्ही धरा, आणि इमारतीच्या चारही बाजूंची मोकळी जागा मोजा: भिंतीपासून कुंपणापर्यंत किती, फाटकापासून रस्त्यापर्यंत किती, झाडाच्या बुंध्याचा घेर किती. विकासकाच्या प्रस्तावातले तेच चार आकडे शेजारी लिहा. मग ज्याने लिफ्टबद्दल विचारलं त्याला तो कागद दाखवा. लिफ्ट त्यालाही हवी आणि आजोबांनाही. त्या चार आकड्यांवर मात्र दोघांना बोलता येईल.